धनसिंगभाऊंचा कुसुम

"गार्डसाहेब, पेटला का?"

माघाची अखेर होती. नुकतंच उजाडलं होतं. जंगलखात्यात वनरक्षक म्हणून लागून मला तीन महिने झाले होते आणि जाळाचा हंगाम तोंडावर आलाय, डोळ्यांत तेल घालून राहा, असं रेंजरसाहेबांनी आदल्याच दिवशी बजावलं होतं. अशा माणसाच्या दारात येऊन कुणी "पेटला का" म्हणून ओरडलं तर त्याचं काय होणार? मी अंथरुणातून उठलो तो तसाच, अनवाणी, बनियनवर बाहेर धावलो. अंगणातल्या लिंबाची एक हिरवी फांदी ओरबाडून हातात घेतली, जाळ झोडपायला. म्हणालो, "कुठं? कोणत्या अंगानं लागला?"

समोर एक लुना उभी. तिच्या शेजारी एक उंच, वाळक्या अंगाचा माणूस. पांढरा सदरा, गळ्यात कॅमेऱ्याची पिशवी, खांद्यावर तीन पायांचा स्टँड. त्याने माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या फांदीकडे शांतपणे बघितलं.

"जाळ नव्हं हो. दऱ्यातला कुसुम इचारून राहिलो मी. तुमी काल तिकडं फिरतीवर गेलते म्हणं. लाल झाला का न्हाई?"

धनसिंग राठोडांची आणि माझी ओळख ही अशी झाली. त्या सकाळी माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला होता आणि तो काढता काढता मी मनातल्या मनात या माणसाला ज्या शिव्या दिल्या, त्या पुढची बारा-तेरा वर्षं थोड्याफार फरकाने देतच राहिलो.

तेव्हा हिंगोली हा वेगळा जिल्हा नव्हता, आम्ही परभणीत मोडत होतो. मी मूळचा वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचा, हळदीच्या रानात वाढलेला. डोंगर, झाडं यांच्याशी माझा संबंध नोकरीपुरता. नेमणूक मिळाली ती सेनगाव तालुक्यात, गोरेगावपासून जीपनं अर्ध्या तासावर, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात. माझ्या बीटात, म्हणजे मला राखायला दिलेल्या हद्दीत, बहुतेक सागाची बारकी, काटक जंगलं. पण डोंगराच्या पोटात एक दरा होता. त्यात बारमाही झरा, आणि झऱ्याच्या दोन्ही अंगांनी कुणी कधी कुऱ्हाड न लावलेली झाडं. अर्जुन, बेहडे, मोह, आणि मधोमध सात कुसुम. एकेकाला चौघांनी हात धरून वेढा घालावा असे बुंधे, आणि शेंडा बघायला गेलं तर डोईवरची टोपी पडावी. हिवाळा सरता सरता त्या दऱ्यात पानगळ सुरू व्हायची. चढावरचा धावडा तांबूस व्हायचा, मोहाची पानं पिवळी पडून झऱ्यात साचायची, आणि सगळ्यांत शेवटी कुसुमाला नवी पालवी फुटायची, ती लालभडक. हे सगळं मी आज सांगतोय. तेव्हा मला विचारलं असतं तर मी फक्त बुंध्यांवरचे नंबर सांगितले असते.

गोरेगावच्या बाजारात, एका धान्याच्या दुकानाच्या माडीवर धनसिंगभाऊंचा स्टुडिओ होता. पाटीवर 'याडी फोटो स्टुडिओ'. याडी म्हणजे त्यांच्या तांड्याच्या बोलीत आई. आजा-पणजा बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ घेऊन मुलूखभर फिरलेले, बाप शेतीत स्थिरावलेला, आणि हे एकटेच तांड्यातून उठून वाशिमला जाऊन फोटोग्राफी शिकून आलेले. काळ्या-पांढऱ्या फोटोत त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पंचक्रोशीतल्या कितीतरी घरांत, भिंतीवर हार घातलेले म्हातारे-म्हाताऱ्या आहेत, ते भाऊंच्या हातचे. फोटोतली म्हातारी आता बोलेल असं वाटतं.

पण तो फोटो काढून घेणं म्हणजे शिक्षा होती. एका मास्तरांना अर्जावर लावायला फोटो हवा होता, त्याच दिवशी. भाऊंनी त्यांना स्टुलावर बसवलं, दोनदा हनुवटी वर केली, खिडकीचा पडदा तीनदा सरकवला आणि म्हणाले, "आज तुमच्या तोंडावर उजेड बसून न्हाई राहिला. उद्या दहाला या." मास्तरांचा अर्ज राहिला. लग्नात तर त्यांनी कहर केला होता. मुलीची पाठवणी चाललेली, बाप लेकीच्या गळ्यात पडून हुंदके देतोय, आणि हे मधे हात घालून म्हणतात, "जरा थांबा. ढग सरकू द्या, मग रडा." ढग सरकेपर्यंत बापाचं रडणं आटून गेलं. तो फोटो मी पाहिलाय. बापाच्या चेहऱ्यावर दुःख नाही, चीड आहे. पण उजेड मात्र अप्रतिम.

"माणसं लई घाई करतेत," ते म्हणायचे. "उजेड कुणाचा नोकर हाय का?"

त्या पहिल्या सकाळनंतर दर वर्षी माघ लागला की भाऊ माझ्या मागे लागायचे. दर दोन-तीन दिवसांनी लुना दारात. मी फिरतीवरून काय पाहिलं त्याचा जबाब द्यायचा. आणि कुसुम लाल झाला असं एकदा तोंडून निघालं की दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्याबरोबर दऱ्यात जायचं. जाताना स्टँड माझ्या खांद्यावर. पोचलं की नियम सुरू. बोलायचं नाही. खोकायचं नाही. "गार्ड, तुमची खाकी मधी येऊन राहिली, तिकडं व्हा." तिकडं म्हणजे दगडाआड. मी सरकारी नोकर, माझ्या स्वतःच्या बीटात, दगडाआड चार-चार तास बसून राहायचो, आणि हे स्टँडमागे उभे. अख्ख्या दिवसात बटण दाबलं तर एकदा. बहुतेक वेळा नाहीच.

एका वर्षी भिंगावर ऊन येतंय म्हणून मला छत्री धरून उभं केलं. मी छत्री धरून उभा आणि नेमके रेंजरसाहेब तपासणीला दऱ्यात उतरले. वनरक्षक गणवेशात, हातात छत्री, छत्रीखाली फोटोग्राफर. मला लेखी खुलासा द्यावा लागला. भाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "साहेबाला म्हणावं, त्या दिशीचा उजेड बघा अन् मग मेमो लिहा."

या सगळ्याहून मला जास्त जाच होता तो त्यांच्या प्रश्नांचा. नुसतं 'लाल झाला' म्हणून भागायचं नाही.

"लाल म्हंजे कसा लाल?"

"लाल म्हंजे लाल, भाऊ. दुसरा कसा असतो?"

"कुंकवाचा का विटेचा? का डाळिंबाच्या दाण्याचा? शेंड्याला तसाच हाय का खाली फिका पडलाय? डावीकडचा जास्ती का उजवीकडचा?"

मला वाटायचं, हा माणूस माझी परीक्षा घेतोय. जंगलखात्यातल्या माणसाला झाड कळत नाही हे सिद्ध करण्यात याला आनंद आहे. मी चिडून काहीतरी उत्तर द्यायचो. ते ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि पुन्हा तोच प्रश्न दुसऱ्या तोंडाने विचारायचे. शेवटी नाइलाजाने मी नीट बघायला लागलो, कारण नीट उत्तर दिल्याशिवाय सुटका नव्हती.

तिसऱ्या वर्षी उलगडा झाला. दऱ्यातून वर येताना एका उतरणीवर भाऊ घसरले. नडगीला दगड लागला. "काही न्हाई, काही न्हाई" म्हणत उठले आणि चालू लागले. थोडं वर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की भिंगावरचं झाकण कुठेतरी पडलंय. मी मागे वळून बघितलं तर करवंदीच्या जाळीवर, हिरव्यागार पानांवर, रक्ताचे थेंब पडत आलेले. म्हणालो, "भाऊ, लागलंय तुमाला चांगलंच. थांबा, बांधतो. अन् झाकणाची काळजी नका करू, रक्ताच्या मागानं मागं जाऊ, जिथं घसरले तिथंच पडलं असंल."

ते त्या जाळीकडे बघत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "कुठंय रक्त?"

"हे काय समोर. पानावर."

"ते व्हय? ओलं दिसून राहिलं. मला वाटलं पाणी सांडलं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. हसत नव्हते. आमच्या भरतीच्या वेळी डॉक्टर रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक दाखवतात, त्यातला आकडा ओळखायचा असतो. माझ्यापुढे रांगेत असलेल्या एका उमेदवाराला आकडा दिसेना, तर त्याला तिथूनच घरी पाठवलं होतं. त्याची आठवण झाली.

"भाऊ, तुमाला लाल दिसत न्हाई?"

ते खाली बसले. मी रुमाल फाडून नडगीला बांधत होतो, तेव्हा माझ्याकडे न बघता बोलले.

"लाल बी न्हाई, हिरवा बी न्हाई. दोन्ही एकच. मातकट. लहानपणी मिरच्या तोडायला लावलं याडीनं, पिकलेल्या तेवढ्या तोड म्हणाली. मी टोपलंभर हिरव्या तोडून आणल्या. बापानं हाणलं. याडीनं मात्र वळखलं. मंग तीच सांगायची. मोह येचायला या दऱ्यात आणायची मला. कुसुमाखाली बसवायची अन् सांगायची, आज याचा घागरा असा हाय, काल असा होता. मला काय दिसायचं? झाड दिसायचं. पर ती सांगायची तवा लई गोड वाटायचं."

"अन् धंदा?"

"काळं-पांढरं होतं तवर मी राजा होतो. मंग रंगीत रोल आले. रोल धुवायला नांदेडला जातेत. फोटो आले का कमळा बघती, कोणता बरा कोणता वाईट ती सांगती. बाकी कुणाला ठाऊक न्हाई. फोटोवाल्याला रंग दिसत न्हाई म्हणलं तर कोण येईल दुकानात?" मग थांबून म्हणाले, "आता तुला ठाऊक झालं."

कमळा म्हणजे त्यांच्या पत्नी, कमळावहिनी. भाऊंनी मला 'तू' म्हणायला सुरुवात केली ती त्या दिवसापासून.

मी विचारलं, "मंग ज्याचा रंग तुमाला दिसतच न्हाई, त्याचा फोटो काढायला येवढी तकलीफ काहून घेता?"

"मला दिसत न्हाई म्हणून तो तिथं न्हाई का?" ते म्हणाले. आणि उठून, लंगडत, झाकण शोधायला निघाले. रक्ताच्या थेंबांवर पाय देत.

इथे माझं मन द्रवलं आणि पुढे मी आनंदाने त्यांची सेवा केली, असं लिहिलं तर ते खोटं होईल. उलट जाच वाढला. आता त्यांना संकोच राहिला नव्हता. एकेका झाडाचा, एकेका फांदीचा हिशेब मागायचे. मी "तांब्यासारखा" म्हणालो तर "घासलेला का बिनघासलेला?" माझं लग्न झालं, सुनंदा घरात आली. तिने पहिल्याच माघात मला विचारलं, "हे तुमचे पाहुणे दर दोन दिवसाला येऊन झाडाची तब्येत का इचारतेत?" भाऊंच्या डोळ्यांचं कुणाला सांगणार नाही असं मी त्यांना वचन दिलेलं होतं, म्हणून खरं कारण तिलाही सांगता येईना. मुलगी झाली. हिंगोली जिल्हा झाला. माझी एक बढती हुकली. आणि दर माघात लुनाचा तो फटफट आवाज ऐकला की माझ्या कपाळाची शीर उडायची.

नवा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. त्या वर्षी मी फार त्रासलेलो होतो. दोन ठिकाणी जाळ लागून गेला होता, मुलीला गोवर निघाला होता, रजा मंजूर होत नव्हती. आदल्या दिवशीच मी वरच्या दांडावरून दऱ्यात बघितलं होतं. सातही कुसुम लाल झाले होते. इतक्या वर्षांत मी इतका लाल दरा पाहिला नव्हता. आणि सकाळी लुना दारात.

"काय गार्ड? झाला का?"

मी तोंड धूत होतो. मान वर न करता म्हणालो, "न्हाई. अजून आठ दिवस लागतेत."

"एक बी न्हाई?"

"एक बी न्हाई."

"बराबर हाय," ते म्हणाले. "यंदा थंडी लांबली." आणि गेले. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! आठ दिवसांनी न्यायचंच होतं त्यांना. लाली तोवर टिकते. मी फक्त आठ दिवस मागून घेतले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी गारपीट झाली. लिंबाएवढ्या गारा. कौलं फुटली, गहू झोपला, झाडांखाली पाखरांचा सडा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आले तेव्हा त्यांनी काही विचारलंच नाही, नुसतं "चल" म्हणाले.

दऱ्यात झाडं उघडी होती. सातही. फांद्या सोललेल्या, आणि जमिनीवर घोट्याएवढा पाल्याचा थर. लाल. सगळा लाल. झऱ्याच्या पाण्यात लाल, दगडांवर लाल. भाऊ खाली वाकले. ओंजळभर फाटकी पालवी उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"गार्ड, कोणत्या रंगाची हायेत रे? लाल झाली होती का हिरवीच पडली?"

आजही मला कळत नाही मी तेव्हा खरं का बोललो नाही. माझ्यापुढे ओंजळ धरलेली होती. बघण्यासाठी वाकायचीही गरज नव्हती.

"हिरवी हायेत," मी म्हणालो.

"मंग ठीक," ते म्हणाले. "म्हंजे यंदा झालाच न्हाई तो. आपलं काही हुकलं न्हाई." आणि त्यांनी ती पालवी सदऱ्याच्या खिशात टाकली. आम्ही परत आलो.

पुढच्या वर्षी माघ लागला. लुना आली नाही. पहिले दहा दिवस मला सुटल्यासारखं वाटलं. मग मी आवाजाची वाट बघायला लागलो. फाल्गुन लागला, कुसुम लाल होऊन हिरवाही झाला, भाऊ आले नाहीत. आता याचाही मला रागच आला. हा माणूस आला तरी छळतो आणि नाही आला तरी छळतो. गावात कळलं की त्यांना दम्याचा त्रास सुरू झालाय. मी भेटायला जाईन जाईन म्हणत वर्ष घालवलं. खरं तर भीत होतो.

शेवटी सुनंदाच म्हणाली, "काय झालंय ते झालंय, जाऊन या." तिला मी एवढंच सांगितलं होतं की माझ्याकडून एक चूक झाली.

स्टुडिओत गेलो तेव्हा भाऊ एका म्हाताऱ्या जोडप्याचा फोटो काढत होते. मला हातानेच बस म्हणाले. म्हातारीचा पदर त्यांनी चारदा नीट केला. अर्ध्या तासाने ती दोघं जिना उतरली. मी म्हणालो, "भाऊ, गारपिटीच्या साली—"

"ठावं हाय मला."

"काय ठावं हाय?"

"खिशातली पालवी कमळानं त्याच दिशी काढली. सदरा धुवायला घेतला तवा. म्हणाली, अगंबाई, येवढी लाल." ते भिंगावरून कापड फिरवत होते. "मी इचारायला आलो त्याच्या आदल्या दिशी दांडावरून तुला दिसलंच असंल. तुझी फिरती तिकडंच होती."

"मंग बोलले काहून न्हाई मला?"

"काय बोलू? मी माणसाला थकवतो. कमळा रोज म्हणती. तू थकला होता, दारात येऊन उभा राहणाऱ्याला कुणी बी एखांद्या दिशी न्हाई म्हणतं. ते मी कवाच सोडलं." कापड फिरवायचं थांबलं. "पर गार्ड, दुसऱ्यांदा काहून बोलला? हातात धरून इचारलं होतं मी तुला. तवा तर गेलेलंच होतं सगळं. तवा खरं सांगायला काय जात होतं?"

खाली बाजारातून जीपवाल्यांची "सेनगाव, सेनगाव" अशी ओरड येत होती. आम्ही दोघं ती ऐकत बसलो. मग कमळावहिनींनी चहा आणला. मी तो प्यालो आणि निघालो. जिन्यात असताना वरून आवाज आला, "माघात येतो. दम लागतो आता. दोन दिस मोकळे धर."

ते आले. लुना त्यांना झेपत नव्हती, जीपने आले. दऱ्यापर्यंतची जी वाट आम्ही दीड तासात कापायचो, तिला अख्खी सकाळ लागली. दर पन्नास पावलांवर बसायचं. खांद्यावर स्टँड घेऊन मी पुढे, ते काठी टेकत मागे. दऱ्यात उतरलो. कुसुम लाल होता. सात नव्हे, पाच. दोन त्या गारपिटीनंतर वाळले होते.

भाऊंनी कॅमेरा लावला. मी दगडाआड जाऊन बसलो आणि प्रश्नाची वाट बघू लागलो. त्यांनी विचारलंच नाही. झऱ्यावर तांड्यातली एक बाई पाणी भरत होती. तिला हाक मारून, झाडांकडे बोट करत, ते त्यांच्या बोलीत काहीतरी बोलले. ती वर बघून दोन शब्द बोलली, हसली, आणि हंडा उचलून गेली. भाऊ पुन्हा कॅमेऱ्याशी. माझ्याकडे बघितलंही नाही. इतकी वर्षं ज्या प्रश्नांनी माझा जीव नकोसा झाला होता, तो एक प्रश्न त्यांनी मला विचारावा म्हणून मी तिथे तळमळत बसलो होतो.

मग मी उठलो. दगडाआडून बाहेर आलो आणि न विचारता बोलू लागलो.

"भाऊ, डावीकडचा पहिला, त्याचा शेंडा ताज्या कुंकवासारखा हाय, ओल्या. मधी येता येता विटकरी. खालच्या फांदीला हिरवं चढायला लागलंय, दोन दिवसात जाईल. दुसरा अजून काळपट हाय, कात-सुपारीच्या थुंकीवाणी. त्याच्या मागं मोह, हळदीचा कंद नुकता फोडल्यावर असतो तसा. आमच्या कुरुंद्याची हळद, शिजवायच्या आधीची. अन् त्याच्यावर ऊन आलं का पाक पांढरा पडतो. वरचा धावडा घासलेला तांब्या. न्हाई, घासून चार दिवस झालेला."

मी बोलत राहिलो. पाचही झाडं संपली, मग झऱ्यात पडलेली पानं, मग बेहड्याची. भाऊ स्टँडमागे उभे होते, त्यांच्या छातीतून बारीक घरघर ऐकू येत होती. त्यांनी मला थांबवलं नाही, गप्प बस म्हणाले नाहीत. दुपार कलली, ऊन तिरपं होऊन बुंध्यांच्या मधून शिरलं, आणि मी मोहाविषयी पुन्हा काहीतरी सांगत असताना त्यांनी बटण दाबलं. एकदाच.

त्यानंतर ते कधी दऱ्यात आले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात दम्यानेच गेले. मी तेव्हा बदलीवर किनवटला होतो, बातमी चौथ्या दिवशी कळली. स्टुडिओ वर्षभरात बंद झाला. तोवर लोकांच्या हातात मोबाइल आले होते आणि उजेड बसायची वाट बघायला कुणालाच वेळ नव्हता.

पण मला सांगायचंय ते फोटो धुऊन आला त्या दिवसाचं.

नांदेडहून रोल आल्याचा निरोप मिळाला म्हणून मी गोरेगावला गेलो. माडीवर कमळावहिनी पाकीट घेऊन बसल्या होत्या, माझ्याशिवाय फोडायचं नाही अशी ताकीद होती. भाऊ भिंतीला टेकून, गुडघ्यावर शाल घेऊन बसले होते. वहिनींनी तो एक फोटो बाहेर काढला आणि आम्हा दोघांमध्ये धरला.

मी त्या झाडांखाली बारा वर्षं हिंडलो होतो. नंबर घातले होते, मोजली होती, त्यांच्याकडे पाठ करून चिडून बसलो होतो. ती झाडं त्या कागदावर उभी होती आणि ऊन त्यांच्या पोटातून आल्यासारखं वाटत होतं. वहिनींनी पदर तोंडाशी नेला. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, इतकी वर्षं ज्याची सवय लागली होती ते. कसा आलाय, कुंकवाचा का विटेचा. आणि मला शब्दच सापडेना. डोळे भरून आले, फोटो पुसट झाला, आणि मला स्वतःचाच राग आला की ऐन वेळी हे काय.

मान वर केली तर भाऊ फोटोकडे बघतच नव्हते. त्यांनी तो हातातही घेतला नव्हता. ते आधी कमळावहिनींच्या तोंडाकडे आणि मग माझ्या तोंडाकडे बघत होते. एकटक. लहान लेकरू जत्रेत काहीतरी बघतं तसे.

"थांबा भाऊ, सांगतो," मी म्हणालो. "जरा थांबा."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "दिसला मला."